चार मिलिअँपियरचं शून्य

वणीहून एका वाचकांचं पत्र आलं आहे. १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १०चा मोफत आधार थांबवला, तेव्हा घरचा संगणक त्यांच्या नातवानं एका संध्याकाळी नवा करून दिला. मुलगा मात्र ज्या भूमिगत कोळसा खाणीत आहे, तिथल्या कंट्रोल रूमचं सॉफ्टवेअर बदलायचं काम महिनोन्‌महिने चाललंय. ‘तिथे एवढं अडतं तरी काय?’ असं त्यांनी विचारलं आहे.

उत्तराचा सोपा भाग आधी. खाण ‘रीस्टार्ट’ करता येत नाही. पंप थांबले की तळाशी पाणी चढू लागतं, मुख्य पंखा थांबला की मिथेन साचू लागतो. त्यामुळे सगळी अदलाबदल चालत्या गाडीचं चाक बदलावं तशी करावी लागते. जुनी यंत्रणा सुरू ठेवून शेजारी नवी उभी करायची आणि दोघींचे आकडे कित्येक पाळ्या ताडून पाहायचे.

अवघड भाग आहे तो या आकड्यांचाच, आणि तो फार सुंदर आहे.

खाणीतून बाहेर पडणारी वापरलेली हवा ज्या बोगद्यानं जाते त्याला ‘रिटर्न’ म्हणतात. तिथे छताजवळ मिथेन मोजणारा सेन्सर टांगलेला असतो. तो वर आकडा पाठवत नाही, तारेतून वीजप्रवाह पाठवतो. समजा, हा सेन्सर ० ते ५ टक्के मिथेन मोजणारा आहे. मिथेन शून्य असेल तर ४ मिलिअँपियर, ५ टक्के असेल तर २०. मधलं सगळं त्या प्रमाणात. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे १.२५ टक्क्यांना त्या भागाची वीज तोडायची असते, कारण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान मिथेन एका ठिणगीनं फुटतो. १.२५ टक्के म्हणजे बरोबर ८ मिलिअँपियर. कागद घेऊन करून बघा, हिशेब चोख आहे.

पण शून्याला ४ कशाला? शून्याला शून्यच का नाही?

गावोगावी पूर्वी जागल्या असायचा. रात्रभर तो हाळी देत फिरे. त्या हाळीत खबर काहीच नसे. ‘मी आहे, जागा आहे, सगळं ठीक आहे’ एवढंच. लोक ती ऐकत ऐकत झोपत आणि हाळी थांबली की उठून बसत. जागल्यानं फक्त चोर दिसल्यावरच ओरडायचं, असं ठरलं असतं तर काय झालं असतं? शांत रात्र आणि जागल्याचा मुडदा पडलेली रात्र, दोन्ही ऐकायला सारख्याच लागल्या असत्या. ते ४ मिलिअँपियर ही जागल्याची हाळी आहे. प्रवाह शून्यावर आला म्हणजे हवा स्वच्छ नव्हे, तार तुटली किंवा सेन्सर मेला. विजेच्या आधी हवेच्या दाबावर चालणारी उपकरणं होती, त्यांतही शून्य ३ पौंडाला धरत आणि पूर्ण माप १५ला. ही युक्ती मला वाफेच्या इंजिनाइतकी थोर वाटते. शून्य वेगळं, मौन वेगळं, हे तिनं तारेतच कोरून ठेवलं.

आता हीच तार नव्या सॉफ्टवेअरला जोडू. तार तुटली, प्रवाह ० झाला. गणित सांगतं, मिथेन उणे १.२५ टक्के. असा मिथेन जगात नसतो. दूर शहरात बसलेला प्रोग्रॅमर भला माणूस असतो, तो एक ओळ लिहितो: आकडा उणे आला तर शून्य दाखव. झालं! पडद्यावर हिरव्या चौकटीत ०.०० झळकतं आणि जागल्या मेल्याचं कुणाला कळत नाही. जुन्या प्रोग्रॅममध्ये हे कुणीतरी कधीच सावरून घेतलेलं असतं. ३.६ मिलिअँपियरच्या खाली गेलं तर ‘बिघाड’ म्हणायचं, अशी ओळ त्यात असते. ती लिहिणारे साहेब निवृत्त झालेले असतात आणि कागद कुठेच नसतो. महिने जातात ते अशा ओळी हुडकण्यात.

सेन्सरच्या पोटातही अशीच एक खोच आहे. सेफ्टी लॅम्पमुळे हम्फ्री डेव्ही शाळेच्या पुस्तकात पोचले, पण १९६०च्या सुमारास ब्रिटनच्या खाण-सुरक्षा संशोधन संस्थेत पेलिस्टर घडवणारे अ‍ॅलन बेकर यांचं नाव खाणीतल्या माणसांनाही ठाऊक नसतं. पेलिस्टर म्हणजे या सेन्सरचा गाभा: प्लॅटिनमच्या बारीक तारेचं वेटोळं, त्यावर चिनी मातीसारखा मणी, मण्यावर उत्प्रेरक. मणी तापवलेला असतो, मिथेन त्यावर ज्योतीविना जळतो, मणी आणखी तापतो, तारेचा रोध वाढतो. पण जळायला ऑक्सिजन लागतो. मिथेन फार झाला की ऑक्सिजन अपुरा पडतो आणि आकडा खाली येऊ लागतो! म्हणजे ‘थोडा गॅस’ आणि ‘भयंकर गॅस’ एकाच आकड्यावर येऊन उभे राहतात. म्हणून आकडा एकदा टोकाला गेला की तो तिथेच अडकवून ठेवायचा आणि माणसानं दुसऱ्या उपकरणानं तपासल्याशिवाय सोडायचा नाही, अशी कडी घालतात. ही कडी कधी सेन्सरमध्ये असते, कधी वरच्या प्रोग्रॅममध्ये. बदलाच्या घाईत ती कुणाकडेच उरली नाही तर? शिवाय सिलिकोनच्या वाफांनी मण्याला विषबाधा होते. तो गॅस ओळखेनासा होतो, पण ४ मिलिअँपियर मात्र इमानानं पाठवत राहतो. हा झोपेत हाळी देणारा जागल्या.

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरच्या पाइक रिव्हर खाणीत १९ नोव्हेंबर २०१०च्या दुपारी पावणेचारला स्फोट झाला. कंट्रोल रूममध्ये जमिनीखालून येणारी सगळी माहिती एकाएकी थांबली. वीज गेली की आणखी काही? पडदा ते सांगू शकत नव्हता. काय बिघडलंय ते बघायला एका इलेक्ट्रिशियनला आत पाठवण्यात आलं. बोगद्यात एक माणूस पडलेला दिसला, हवा कोंदलेली होती, तो कसाबसा मागे फिरला. आपत्कालीन सेवांना फोन गेला तेव्हा सुमारे ४० मिनिटं उलटली होती. २९ जण गेले. चौकशी आयोगानं पुढे नोंदवलं, की स्फोटाआधीच्या ४८ दिवसांत मिथेन स्फोटक प्रमाणात पोचल्याचे २१ अहवाल आले होते. हवा बाहेर टाकणाऱ्या शाफ्टमधले सेन्सर धड चालत नव्हते आणि त्याच्याही आत, खोल कामाच्या जागी, वर खबर देणारा कायमचा सेन्सरच नव्हता. हा मजकूर मी जितक्यांदा वाचतो तितक्यांदा ती ४० मिनिटं अंगावर येतात. मौनाचा अर्थ लावायला माणूस पाठवावा लागला.

वय हीसुद्धा एक अडचण आहे. खाणीतले पंप, पट्टे, पंखे ज्या पेटीच्या हुकमावर चालतात ती पीएलसी. तिच्या जन्मदात्यांत डिक मॉर्ली यांचं नाव आधी घ्यायला हवं. १ जानेवारी १९६८ला त्यांनी तिचा आराखडा कागदावर उतरवला. त्यांच्या कंपनीचा हा ८४वा प्रकल्प, म्हणून यंत्राचं नाव मोडिकॉन ०८४. जनरल मोटर्सकडे बसवलेलं सुरुवातीचं एक ०८४ जवळजवळ २० वर्षं अखंड चाललं. मॉर्लींनी तिला भाषा दिली ती कारखान्यातल्या वायरमनला आधीपासून येणाऱ्या शिडीसारख्या आकृत्यांची, आणि हे मला त्यांचं खरं मोठेपण वाटतं. पेटी अशी २० वर्षं जगते आणि तिच्यावर नजर ठेवणाऱ्या संगणकाचं आयुष्य त्याच्या निम्मंही नसतं. दोघांचं बोलणं बहुधा आजही १९७९च्या मॉडबस भाषेत चालतं. तिच्यात नुसता घराचा नंबर आणि त्यातला आकडा असतो. ४००१७ नंबरच्या घरात १२५. हे १.२५ टक्के मिथेन, की १२५ लिटर पाणी, की १२.५ अंश तापमान? तारेवर ते कुठेच लिहिलेलं नसतं. अर्थ राहतो जुन्या सॉफ्टवेअरच्या यादीत. यादी चुकीची उतरली की दशांशचिन्ह सरकतं.

आकडा बरोबर उतरला तरी त्यावरचा अलार्मही नेमका हवा. म्हणूनच नव्या यंत्रणेच्या जाहिरातीत फिरती त्रिमितीय खाण आणि ‘एआय’ दिसलं की मी आधी अलार्मची यादी मागीन. १९९४मध्ये वेल्समधल्या मिलफर्ड हेवनच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोटापूर्वीच्या शेवटच्या ११ मिनिटांत दोन ऑपरेटरांसमोर २७५ अलार्म आले होते. सगळेच जागले एकदम ओरडले तर कुणाच्या दिशेनं धावायचं?

तर वणीच्या काका, तुमच्या मुलाच्या खाणीत आज बहुधा असं काहीतरी चाललं असेल. खाली रिटर्नमध्ये एक जण कॅप लॅम्पच्या उजेडात सेन्सरवर छोटी टोपी बसवतो आणि नळकांड्यातून माहीत असलेला, अडीच टक्क्यांचा गॅस सोडतो. वर दोन पडदे शेजारी शेजारी, जुना आणि नवा. फोनवर विचारणा होते, ‘किती?’ ‘दोन पॉइंट चार. दोन्हीकडे.’ मणी जिवंत आहे. टोपी निघते, आकडा हळूहळू उतरतो. मग खालचा माणूस म्हणतो, ‘आता तार काढतो.’ तो स्क्रू सैल करून तार उपसतो. जुना पडदा लगेच पिवळा होतो. वर सगळ्यांची नजर नव्या पडद्यावर असते. हिरव्या चौकटीत ०.०० आलं, तर आज काम इथेच थांबतं, ती एक ओळ शोधली जाते आणि उद्याच्या पाळीत हीच तार पुन्हा उपसली जाते. एका खाणीत असे शेकडो सेन्सर असू शकतात.