गिअरबॉक्स उतरवण्याआधी

जोगेश्वरीत एस. व्ही. रोडच्या आतल्या गल्ल्यांमधल्या गॅरेजात जुनी स्पोर्ट्‌स कार आली, की तक्रार बहुधा एका वाक्यात संपते : "मिस्त्री, गिअर लागत नाही." उत्तरही बहुधा तयार असतं : "बॉक्स उतरवून बघावा लागेल." माझा आक्षेप या 'उतरवून बघण्याला' आहे. दोष कोणत्या बाजूचा आहे हे ठरल्याशिवाय गिअरबॉक्सच्या बोल्टला पाना लावू नये. पेडल, सिलिंडर, फोर्क, बेअरिंग, प्रेशर प्लेट आणि क्लच प्लेट ही सगळी साखळी जोडलेली असते तेव्हाच क्लच पूर्ण सुटतो की अर्धवट, हे कळतं. सगळं खोलून फडक्यावर मांडलं की प्रत्येक भाग वेगवेगळा तपासता येतो, पण ते एकमेकांशी कसे वागत होते हे सांगणारा पुरावा तिथे उरत नाही.

नव्या हॅचबॅकमध्ये ही घाई खपून जाते, कारण क्लच सेट सहज मिळतो. जुन्या गाडीचं तसं नाही. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१पासून बनवलेली हेराल्ड घ्या. तिचीच चासी आखूड करून ब्रिटनमध्ये १९६२ साली ट्रायम्फ स्पिटफायर आली. या दोन्ही गाड्यांत गिअरबॉक्स खालून निघत नाही. सीट, गालिचा आणि मधलं बोगद्यासारखं झाकण काढून तो गाडीच्या आतून उचलावा लागतो. एवढ्या खटाटोपात साठ वर्षांचे जुने बोल्ट मोडतात, झाकणाच्या कडा फाटतात आणि पूर्वी नसलेले दोष नव्याने तयार होतात. गोव्यात बांधलेली, रेनोचं ११४९ सीसीचं इंजिन असलेली दोन आसनी सॅन स्टॉर्म त्या मानाने अलीकडची, पण तीही इतकी थोडी बनली की एखादा भाग बिघडवून ठेवला तर दुसरा शोधायला कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या मालाच्या दुकानांत हेलपाटे घालावे लागतील.

तपासणीची सुरुवात इंजिन बंद ठेवून करावी. सगळे गिअर एकामागून एक टाकून पाहावेत. बंद गाडीतही गिअर अडत असेल तर दोष लिंकेजमध्ये, सिलेक्टरमध्ये किंवा बॉक्सच्या आत आहे. बंद असताना सगळे गिअर मऊ लागतात आणि इंजिन चालू केल्यावर अडतात, तर संशय क्लचवर घ्यावा. मग रिव्हर्सची परीक्षा. या जुन्या गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोमेश नसतो, त्यामुळे तो खोटं बोलत नाही. पेडल पूर्ण दाबून तीन-चार सेकंद थांबावं आणि मग रिव्हर्स टाकावा. करकर झाली तर पेडल दाबूनही गिअरबॉक्सचा आत येणारा शाफ्ट फिरतोच आहे, म्हणजे क्लच सुटत नाही. रिव्हर्स निमूटपणे लागला, पण चालत्या गाडीत फक्त दुसरा गिअर ओरडतो, तर दुसऱ्याची सिंक्रो रिंग झिजली आहे. इथे एक इशारा द्यायला हवा : हेराल्डच्या पहिल्या गिअरलाही सिंक्रोमेश नाही. नव्या गाडीची सवय असलेला माणूस सिग्नलजवळ गाडी सरकत असतानाच पहिला टाकतो आणि आवाज ऐकून घाबरतो. तो बिघाड नाही, त्या गाडीची घडणच तशी आहे.

क्लच सुटत नाही असं ठरलं तरी बॉक्स उतरवायची वेळ अजून आलेली नसते. हेराल्डचा क्लच तेलावर चालतो. पेडल दोन-तीनदा भराभर दाबल्यावर गिअर लागू लागला, तर लाइनमध्ये हवा आहे किंवा मास्टर सिलिंडरचा वॉशर दाब धरत नाही. बेल हाउसिंगवर बाहेरूनच दिसणाऱ्या स्लेव्ह सिलिंडरचा रबरी बूट उचलून पाहावा. आत ओल असेल तर त्याचा सील गेला. एकाने पेडल दाबावं आणि दुसऱ्याने खाली बसून दांडा किती सरकतो ते पट्टीने मोजावं. पेडलाजवळच्या पिनचं भोक झिजून लांबट झालेलं असतं आणि तिथेच निम्मी चाल वाया जाते, हे फार कमी लोक पाहतात. मुंबईच्या हवेत या भागाकडे आधी पाहायला आणखी एक कारण आहे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, त्यामुळे वर्षानुवर्षं तेल न बदललेल्या सिलिंडरच्या बोअरला आतून गंज धरतो. गाडी जूनपासून सप्टेंबरपर्यंत ताडपत्रीखाली उभी राहिली, तर क्लच प्लेट फ्लायव्हीलला गंजाने चिकटते. दांड्याची चाल पुरेशी आहे आणि तरीही क्लच मुळीच सुटत नाही, तर हाच संशय घ्यावा. इंजिन गरम करून, पेडल दाबून धरून, मोकळ्या जागेत वरच्या गिअरमध्ये हलके झटके दिले तर चिकटलेली प्लेट अनेकदा सुटते, आणि हजारोंचं काम टळतं.

आवाजाचं निदानही बाहेरूनच होतं. गाडी न्यूट्रलमध्ये, पेडल सोडलेलं आणि घरघर येते. पेडल दाबलं की ती थांबते : दोष बॉक्सच्या पुढच्या बेअरिंगचा किंवा लेशाफ्टचा. उलट, पेडल दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग. मागची चाकं ओढणाऱ्या जुन्या गाडीत चौथा गिअर थेट असतो, लेशाफ्टवर भार येत नाही. म्हणून पहिल्या तीन गिअरमध्ये कण्हणारा बॉक्स चौथ्यात शांत झाला, तर लेशाफ्टकडे बोट जातं. सॅन स्टॉर्मला मात्र हा नियम लावू नये. पुढची चाकं ओढणाऱ्या अशा गाडीत ताकद प्रत्येक गिअरमध्ये दातांतूनच जाते.

क्लच घसरतो का, हे रेल्वेवरच्या जोगेश्वरीच्या पुलाच्या चढावर वरच्या गिअरमध्ये कळतं : इंजिनचा आवाज चढतो, वेग चढत नाही. पण घसरण म्हणजे प्लेट संपली असं लगेच मानू नये. पेडलला मोकळी चाल शिल्लक नसेल तर बेअरिंग सतत दाबलेलं राहतं आणि चांगली प्लेटही घसरते. बेल हाउसिंगच्या तळाशी तेल ठिबकत असेल तर बोटावर घेऊन वास घ्यावा. पातळ आणि काळं असेल तर इंजिनचा मागचा सील. दाट, गंधकासारख्या उग्र वासाचं असेल तर गिअरबॉक्सचा पुढचा. बॉक्समधलं तेल काढून बघणंही स्वस्तच आहे. ड्रेन प्लगला चिकटलेली राखाडी लुकण वयाची खूण आहे, पितळी चकाकी सिंक्रो रिंगची आणि पोलादाची कपची मोडलेल्या दाताची.

यावर मिस्त्री म्हणतील, आमचा कान तीस वर्षांचा आहे, एवढ्या परीक्षा कशाला? त्या कानाबद्दल मला पूर्ण आदर आहे. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेल हाउसिंगला आणि मूठ कानाला लावून बेअरिंग ओळखणारी माणसं या गल्ल्यांत आहेत. पण कान ऐकतो तो आवाज. स्लेव्हचा दांडा कमी सरकतो ते त्याला ऐकू येत नाही. दुसरा युक्तिवाद मजुरी स्वस्त असल्याचा. मजुरी स्वस्त असेलही, पण मोडलेला स्टड किंवा तडा गेलेलं हाउसिंग स्वस्त नाही. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि तो मला मान्य आहे : काही दोष बाहेरून कळतच नाहीत. दांडा पूर्ण सरकतो, प्लेट चिकटलेली नाही, तरी रिव्हर्स करकरतो, तर प्लेट वाकलेली असेल किंवा क्रँकच्या टोकातला पायलट बुश धरला असेल. या दोहोंत निवड बाहेरून करता येत नाही. पण तिथवर आल्यावर बॉक्स काढायचा हे निश्चित झालेलं असतं, कुठे पाहायचं हेही ठाऊक असतं, आणि सुटे भाग आधीच मागवून ठेवता येतात. त्या वेळी मात्र हात आखडू नये : प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्र बदलावं, पायलट बुश आणि दोन्ही सील नवे घालावेत, फोर्कची पिन पाहावी, आणि फ्लायव्हीलवर जळाल्याचे निळे डाग असतील तर ते लेथवर पाठवल्याशिवाय बॉक्स परत चढवू नये.