वंशावळ छापा, पण आजीच्या नावासह

ऑगस्ट २०२३ च्या अखेरीस जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटी येथे मराठा आरक्षणासाठी उपोषण सुरू झाले. पुढे न्या. संदीप शिंदे समितीमार्फत निजामकालीन कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि घरोघर वंशावळी लिहिल्या जाऊ लागल्या. त्या मागणीबद्दल मते काहीही असोत, कागदाचे मोल आपणही ओळखले पाहिजे.

आपल्या जात पडताळणीतही वंशावळ लागते आणि १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे पुरावे महत्त्वाचे ठरतात. शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, कोतवाल बुक, जुने महसुली कागद यांत पणजोबांचे नाव सापडू शकते. मराठवाड्यातील जुनी नोंद उर्दूत किंवा मोडीत असेल, तर जाणकाराकडून वाचून घ्यावी.

पडताळणीची वंशावळ वडिलांच्या बाजूने चालते. घरच्या वंशावळीत मात्र आजी, आत्या, बहिणी गाळू नयेत. कुटुंबाने धम्मदीक्षा कधी घेतली, ते सालही लिहावे.

मंगल परिणयात किंवा १४ ऑक्टोबरला अशी छापील वंशावळ भेट द्यावी, असे आम्ही सुचवतो. फॉन्ट बदलला की जोडाक्षरे फुटतात. म्हणून छापखान्यात पीडीएफ द्यावी. छपाईआधी प्रूफ घरातल्या थोरांना वाचून दाखवावे. फ्लेक्स उन्हात विटतो. जाड कागद आणि काचेची फ्रेम टिकते. आधार क्रमांक, पत्ते छापू नयेत. खाली पुढच्या पिढीसाठी जागा मोकळी ठेवावी.

आजी आज घरात आहे. तिच्याजवळ बसून नावे आजच लिहून घेऊ या.