ओढ नसतानाही जमणारी गर्दी

वाफ थंड झाली की पाण्याचे रेणू एकमेकांना धरतात आणि थेंब तयार होतो. त्यामागे रेणूंमधले आकर्षण असते; १८७३ साली व्हान डर वाल्स यांनी ते गणितात बसवले. पण ज्यांना एकमेकांची जराही ओढ नाही, असे कण थेंबासारखे गोळा होतील का? ते स्वतःच्या बळावर हलणारे असतील तर होतात. मला हा अलीकडच्या भौतिकशास्त्रातला फार देखणा निष्कर्ष वाटतो.

गळिताच्या हंगामात देवळाली प्रवरा, राहुरी फॅक्टरी या पट्ट्यातून जाणाऱ्यांना तो निम्मा ठाऊक असतो. उसाने भरलेला एक ट्रॅक्टर मंदावतो, मागचे अडकतात आणि बघता बघता रांग लागते. कुणी कुणाला बोलावलेले नसते. वेग कमी तिथे गर्दी, आणि गर्दी तिथे वेग आणखी कमी.

स्वतःहून न हलणाऱ्या कणांचे असे होत नाही. पाण्यातला धूलिकण दाट द्रवात शिरला की सावकाश हलतो, पण तेवढ्यामुळे तिथली कणसंख्या वाढत नाही. जीवाणू मात्र अन्नातली ऊर्जा सतत खर्चून चालतो, त्याला समतोलाचे नियम लागू पडत नाहीत. त्याचा वेग जिथे निम्मा, तिथे तो दुप्पट सापडतो. यातूनच भौतिकशास्त्रज्ञ ज्युलियन तायर आणि मायकेल केट्स यांनी २००८ मध्ये अट काढली: गर्दी ज्या प्रमाणात वाढते त्याहून झपाट्याने वेग घटला, तर सारखी पसरलेली वस्ती टिकत नाही, तिचे दाट आणि विरळ असे दोन भाग पडतात. २०१२ मध्ये फिली आणि मार्केट्टी यांनी संगणकावर स्वतःहून हलणाऱ्या, पण एकमेकींना फक्त ढकलणाऱ्या चकत्या सोडून तेच घडवून दाखवले.

आणि हे मातीतही घडते. मिक्सोकॉकस झँथस हा सरपटणारा जीवाणू उपाशी पडला की त्याच्या हजारो पेशी जमून बीजाणूंचा उंचवटा रचतात. या पेशी वेग आणि मागे फिरण्याचे प्रमाण बदलून गोळे घडवतात, हे २०१९ मध्ये प्रिन्स्टनच्या जोशुआ शेव्हिट्झ यांच्या गटाने एकेका पेशीचा माग काढून दाखवले. त्या कामात बंगळूरच्या एनसीबीएस या जीवविज्ञान संस्थेचे शशी थुटुपल्लीही होते.

राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ देवळालीहून जवळच आहे. देवळाली परिसरातल्या भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी असे गोळे पाहण्यासाठी शेतातली चिमूटभर माती घेऊन तिथल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांकडे जरूर जावे.