इंजिनाचा स्पेसर : अ‍ॅल्युमिनियमचा घ्यावा, हायलमचा घ्यावा, की घेऊच नये?

उन्हाळ्याचे तीन-चार महिने वऱ्हाडातील गॅरेजवाल्यांच्या कसोटीचे असतात. अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि अमरावतीही फार मागे राहत नाही. या दिवसांत गिऱ्हाइकांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. गाडीचा पिकअप गेला, गरम झाली की स्लोवर थांबत नाही, बंद केली की लवकर चालू होत नाही. यावर इलाज म्हणून अलीकडे काही हौशी गिऱ्हाइके मोबाइलवर एका सुट्या भागाचा फोटो दाखवतात आणि लेथवाल्याला सांगतात, "भाई, असाच एक तुकडा कापून द्या." हा तुकडा म्हणजे इनटेक प्लेनम स्पेसर. त्यात कमाई आहे, पण चुकीचा तुकडा बसवला तर गिऱ्हाइकाचे इंजिन आणि कारागिराचे नाव दोन्ही खराब होते. म्हणून या विषयाची माहिती आम्ही येथे देत आहोत.

हा तुकडा करतो काय?

एअर फिल्टरमधून आलेली हवा थ्रॉटलमधून पुढे एका पेटीत जाते. या पेटीला प्लेनम म्हणतात. तिच्यातून प्रत्येक सिलिंडरकडे वेगळी नळी जाते. पेटीचे वरचे झाकण आणि खालचा मॅनिफोल्ड यांच्यामध्ये बसवलेली जाड चौकट म्हणजे स्पेसर. त्याने पेटीची उंची वाढते आणि हवेला जागा मिळते.

हा तुकडा गाजला तो निसान कंपनीच्या ३५० झेड या गाडीमुळे. २००२ साली बाजारात आलेल्या या गाडीला साडेतीन लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन होते. बॉनेट खाली ठेवायचे म्हणून प्लेनमचे झाकण पुढच्या बाजूला उतरते केले होते. त्यामुळे पुढच्या दोन सिलिंडरांना हवा कमी पडे. झाकणाखाली साधारण ८ किंवा १३ मिलिमीटरचा स्पेसर घातला की त्या दोन सिलिंडरांची अडचण कमी होई. २००७ च्या मॉडेलपासून त्याच गाडीत नवे इंजिन आले, हवेची रचना बदलली आणि जुन्या स्पेसरचे तेथे काम उरले नाही.

यातून घ्यायचा धडा सरळ आहे. स्पेसर हा एका विशिष्ट इंजिनाच्या विशिष्ट दोषावरचा इलाज होता. ज्या इंजिनात तो दोष नाही, तेथे तो घालून ताकद वाढेल असे सांगणे म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणे होय. हिशेब करून पाहावा. झाकणाचे तोंड ३० सेंटिमीटर लांब आणि १० सेंटिमीटर रुंद असेल, तर ८ मिलिमीटरच्या स्पेसरने पेटीत २४० घनसेंटिमीटर जागा वाढते. ही जागा मोठ्या इंजिनाला, तेही चढ्या फेऱ्यांवर, उपयोगी पडेल. गावात तीस-चाळीसच्या वेगाने धावणाऱ्या लहान गाडीला तिचा काय उपयोग?

आपल्याकडचा खरा रोग : उष्णता

वऱ्हाडातील गाड्यांचा त्रास बहुधा हवेच्या वाटणीचा नसतो, तो उष्णतेचा असतो. २५ अंशांच्या हवेपेक्षा ४५ अंशांची हवा सुमारे ६ टक्के विरळ असते. एअर फिल्टर बॉनेटखालची ६५ अंशांची हवा ओढत असेल तर आणखी ६ टक्के घट येते. म्हणजे पिकअप कमी होण्याचे निम्मे कारण बॉनेटखालीच असते. ते स्पेसरने जात नाही. फिल्टरचा पाइप फाटलेला किंवा निघालेला आहे का, तो बाहेरची हवा घेतो का, रेडिएटर चोंदला आहे का, पंखा वेळेवर लागतो का, हे आधी पाहावे. या कामाला मोठी मजुरी मिळत नाही, पण गिऱ्हाईक परत येते ते यामुळेच.

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांची गोष्ट वेगळी. अमरावती-अकोला हा रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग ५३ चा भाग आहे. जून २०२२ मध्ये याच मार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण झाले आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. चांगल्या रस्त्यावर गाडी तासभर जोरात धावते, तेव्हा वारा लागतो म्हणून त्रास कळत नाही. मूर्तिजापूरला चहाला थांबले की इंजिनाची धग वर चढते. कार्ब्युरेटरच्या वाटीतील पेट्रोल उकळू लागते आणि गाडी चालू होत नाही. यासाठी अनेक गाड्यांना कंपनीनेच कार्ब्युरेटरच्या बुडाखाली उष्णता अडवणारा काळा किंवा तपकिरी तुकडा दिलेला असतो. मिस्त्री त्याला बेकेलाइटची पॅकिंग म्हणतात. तो तडकला, झिजला किंवा कोणी काढून साधी कागदी पॅकिंग लावली की रोग सुरू होतो. येथे स्पेसर हा खरा इलाज आहे.

धातू की हायलम?

अ‍ॅल्युमिनियम मजबूत असते आणि लेथ-मिलिंगवर चांगले कापले जाते, पण ते उष्णता पुढे पोहोचवते. बेकेलाइटच्या जातीचा पत्रा, ज्याला बाजारात हायलम म्हणतात, तो अ‍ॅल्युमिनियमच्या मानाने शेकडो पट कमी उष्णता पुढे जाऊ देतो. म्हणून धग अडवायची असेल तर हायलम घ्यावा. फक्त पेटीची उंची वाढवायची असेल तर अ‍ॅल्युमिनियम चालेल.

हायलममध्येही दोन जाती आहेत. कागदाचा पत्रा विजेच्या कामाला ठीक असतो. इंजिनासाठी कापडाचा पत्रा घ्यावा, कारण भोके पाडताना त्याच्या कडा कमी फुटतात. तो १२० अंशांच्या आसपास टिकतो, म्हणून एक्झॉस्टला लागून तो बसवू नये. टेफ्लॉन उष्णता सोसते, पण बोल्टच्या दाबाखाली हळूहळू दबत जाते आणि सांधा सैल होतो. साधे प्लास्टिक आणि थ्रीडी प्रिंटरवर काढलेले स्वस्त तुकडे तर बॉनेटखाली मऊच पडतात. अ‍ॅस्बेस्टॉसच्या जुन्या शीटला कोणी हात लावू नये. तिची धूळ फुप्फुसात जाते आणि त्याची किंमत कारागिराला भरावी लागते.

पॅकिंगकडेही लक्ष द्यावे. २०२२ मध्ये देशातील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण १० टक्के झाले आणि २०२५ मध्ये ते २० टक्क्यांवर गेले. जुन्या रबराच्या आणि बुचाच्या पॅकिंगा या पेट्रोलमध्ये फुगतात किंवा कडक होतात. दुकानदाराकडून इथेनॉलच्या पेट्रोलला चालणारी पॅकिंगच मागून घ्यावी. दोन-चार रुपयांच्या बचतीसाठी जुनी पॅकिंग पुन्हा लावू नये.

मापे घेताना

पहिले माप बॉनेटचे. प्लेनमच्या किंवा एअर फिल्टरच्या सर्वांत उंच जागी कणकेचे गोळे ठेवावेत, बॉनेट हळूच बंद करून उघडावे आणि दबलेल्या गोळ्याची जाडी मोजावी. स्पेसर बसवल्यावर किमान १० मिलिमीटर मोकळी जागा उरली पाहिजे, कारण इंजिन आपल्या माउंटिंगवर हलत असते.

दुसरे माप बोल्टचे. स्पेसर ८ मिलिमीटरचा असेल तर बोल्टही जुन्यापेक्षा तेवढाच जास्त लांब हवा. वर जादा पॅकिंगची जाडी धरावी. अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यांत बोल्ट त्याच्या व्यासाच्या दीडपट तरी गेला पाहिजे. म्हणजे ६ मिलिमीटरचा बोल्ट ९ मिलिमीटर आणि ८ मिलिमीटरचा बोल्ट १२ मिलिमीटर आत हवा. जुनाच बोल्ट दोन आट्यांवर धरून आवळला तर आटे निघतात आणि सगळा मॅनिफोल्ड वाया जातो.

तिसरी गोष्ट आतल्या कडेची. स्पेसरचे भोक, पॅकिंगचे भोक आणि मॅनिफोल्डचे तोंड एकसारखे जुळले पाहिजे. आत पायरी राहिली तर हवा तेथे अडखळते. व्हॅक्यूमची किंवा पाण्याची वाट त्या सांध्यातून जात असेल तर तिचे भोक विसरू नये. दोन्ही पृष्ठभाग सपाट आहेत का, हे पट्टी आणि फिलर गेजने पाहावे. बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने आवळावेत. हायलम जादा आवळला तर तडकतो.

शेवटी गळतीची परीक्षा. इंजिन स्लोवर ठेवून सांध्याभोवती पाण्याचा बारीक फवारा मारावा. वीजवायर आणि प्लग वाचवावेत. स्लोचा आवाज बदलला तर सांधा हवा ओढतो असे समजावे. ही चोरटी हवा किरकोळ समजू नये. तिच्यामुळे मिश्रण पातळ होते, इंजिन तापते, मिसिंग करते आणि दीर्घकाळ तसेच चालवले तर व्हॉल्व्ह व पिस्टन जळतात.

कायदा काय म्हणतो?

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या. त्यांचा संगणक हवेचा आणि धुराचा हिशेब सतत ठेवतो. सांध्यात थोडी गळती झाली तरी इंजिनाचा दिवा लागतो. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या मूळ रचनेविरुद्ध गाडीत बदल करता येणार नाही असा निर्णय दिला. त्याच वर्षीच्या मोटार वाहन कायद्याच्या दुरुस्तीनुसार परवानगी नसलेला फेरफार करणाऱ्या मालकाला प्रत्येक फेरफाराबद्दल ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात.

म्हणून दोन कामांत फरक ठेवावा. कंपनीच्याच मापाचा खराब झालेला तुकडा बदलणे ही दुरुस्ती आहे. नव्या गाडीत बाहेरून जाड चौकट घालणे हा फेरफार आहे, आणि गिऱ्हाइकाने आग्रह धरला तर त्याला आधी आरटीओ कार्यालयात चौकशी करायला सांगावे. वॉरंटी आणि विम्याच्या वेळीही हाच प्रश्न निघतो.

धंद्याच्या दृष्टीने

लेथवाल्या बांधवांसाठी खरी संधी जुन्या गाड्यांच्या बेकेलाइट तुकड्यांत आहे. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, अ‍ॅम्बेसेडरचेही त्याच वर्षी. प्रीमियर पद्मिनी त्याआधीच बंद झाली. गाड्या शिल्लक आहेत, पण मूळ भाग मिळणे कठीण होत चालले आहे. चांगल्या स्थितीतील मूळ तुकड्यावरून नमुना काढून ठेवावा, त्यावर गाडीचे नाव आणि जाडी कोरावी. भाव ठरवताना पत्रा, मशीनचा वेळ, दोन पॅकिंगा, नवे स्टड आणि बसवल्यानंतरची तपासणी हे सगळे धरावे. बिलावर माल कोणता आणि जाडी किती, ते लिहून द्यावे.

गिऱ्हाइकाने फोटो दाखवला की लगेच पत्रा कापायला घेऊ नये. गाडी कोणती, त्रास केव्हा होतो, चालताना की थांबल्यावर, हे तीन प्रश्न विचारावेत. थांबल्यावर त्रास असेल तर हायलम, हवेच्या वाटणीचा सिद्ध दोष असेल तर अ‍ॅल्युमिनियम, आणि दोन्ही नसेल तर फिल्टर आणि रेडिएटर साफ करून गाडी परत द्यावी. त्या दिवशी गल्ल्यात कमी पडेल, पण तेच गिऱ्हाईक आणखी चौघांना तुमच्या दुकानाचा पत्ता सांगेल.