पाण्याचा ताळेबंद : हिवरे बाजारचा धडा



'पाणी वाचवा' हे वाक्य मुलं पाठ करतात. पण किती वाचवायचं, हे त्यांना सांगता येत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार याचं उत्तर आकड्यांत देतं. पर्जन्यछायेतलं हे दुष्काळी गाव १९९४ साली आदर्श गाव योजनेत आलं. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि पाणलोटाची कामं झाली.

इथे पडलेला पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात. आधी माणसं आणि जनावरांचं पाणी, मग शेती. पाऊस कमी झाला, तर पिकंही कमी पाण्याचीच घ्यायची.

हा हिशेब चौथी-पाचवीच्या मुलांना सहज जमतो. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. शाळेचं छत १०० चौरस मीटर असेल आणि २० मिलिमीटर पाऊस पडला, तर २,००० लिटर! रोज प्रत्येकी २ लिटर धरले, तर ३० मुलांच्या वर्गाला हे पाणी महिनाभर पुरतं.

पालकांनी घरी एवढंच करावं : रोज किती बादल्या लागतात, ते मुलालाच मोजू द्यावं. आकडा स्वतः काढला, की नळ बंद करायला सांगावं लागत नाही.