जपानी कादंबऱ्यांचे खुले शेवट

हारुकी मुराकामी यांच्या ‘नॉर्वेजियन वूड’ (१९८७) या कादंबरीच्या शेवटी तोरू वातानाबे टेलिफोन बूथमधून मिदोरीला फोन करतो. त्याला तिच्यासोबत सगळे नव्याने सुरू करायचे आहे. बऱ्याच वेळाने ती विचारते, तू आहेस कुठे? तोरू बूथबाहेर पाहतो, पण आपण कुठे आहोत हे त्यालाच उमगत नाही. कादंबरी तिथेच संपते.

दोघे एकत्र आले की नाही, हे कळायला मार्ग नाही. मात्र पहिले प्रकरण पुन्हा उघडले, तर बरेच काही हाती लागते. तिथे ३७ वर्षांचा तोरू हॅम्बर्गला उतरलेल्या विमानात बसला आहे. बीटल्सची धून कानी पडताच तो कासावीस होतो आणि त्याला आठवते ती नाओको, आत्महत्या केलेली मैत्रीण. मिदोरीचे पुढे काय झाले ते कळत नसले, तरी नाओकोच्या जाण्याचे दुःख ओसरलेले नाही एवढे नक्की कळते.

खुला शेवट वाचताना हेच आधी पाहावे : काय मिटले आणि काय उघडे राहिले? मुराकामींच्याच त्सुकुरु ताझाकी या नायकाच्या कादंबरीत (२०१३) त्याची प्रेयसी सारा त्याला होकार देणार की नकार, हे समजण्याच्या आदल्या रात्रीच गोष्ट थांबते. त्याच्या जुन्या मैत्रिणीचा खून कोणी केला, तेही कळत नाही. पण चार जिवलग मित्रमैत्रिणींनी आपल्याला का तोडले, या ज्या प्रश्नाने त्याला सोळा वर्षे पोखरले, त्याचे उत्तर त्याला मिळालेले असते. कादंबरीची मुख्य गाठ तीच होती.

सायाका मुराता यांच्या ‘कन्व्हिनियन्स स्टोअर वुमन’मध्ये (२०१६) घटनांविषयी शंकाच नाही. दुकानातले काम सोडून मुलाखतीला निघालेली नायिका केइको वाटेत एका दुकानात शिरते, माल नीट लावू लागते आणि पुन्हा दुकानातच काम करायचे ठरवते. ही तिची सुटका की शरणागती? मुराता निकाल देत नाहीत. केइकोला ‘बरी’ करायला निघालेली माणसे आधीच्या पानांत कशी वागली, ते आठवले की सुटकेचे पारडे जड वाटते.

या रीतीची मुळे जुनी आहेत. यासुनारी कावाबाता यांची ‘स्नो कंट्री’ १९३५पासून मासिकांतून तुकड्यातुकड्यांनी आली आणि १९४८मध्ये तिला अखेरचे रूप मिळाले. आग, वरून कोसळणारी योको ही तरुणी आणि माथ्यावरची आकाशगंगा एवढ्यावर ती संपते. पात्रांचे पुढे काय, हे सांगितलेले नाही. अर्थात, सगळेच जपानी लेखन असे नसते. केइगो हिगाशिनो यांच्या रहस्यकथांत गुन्ह्याची उकल चोख होते.

मुराकामींची ‘काफ्का ऑन द शोअर’ (२००२) आल्यावर प्रकाशकाने संकेतस्थळावर वाचकांचे प्रश्न मागवले. ८,०००हून अधिक प्रश्न आले. मुराकामींनी सुमारे १,२०० प्रश्नांना स्वतः उत्तरे दिली. तरी कोड्यांची किल्ली त्यांनी दिली नाही. कादंबरीत कोडी आहेत पण तयार उत्तरे नाहीत, ती पुन्हा पुन्हा वाचावी, असेच त्यांचे सांगणे होते. तो सल्ला मनावर घ्यावा आणि शेवट कळला नाही म्हणून चिडण्याआधी पहिले प्रकरण एकदा परत वाचावे.