पीआर कार्डची मुदत आणि कॅनडातील वास्तव्याचा हक्क

कॅनडात कायमचे राहण्याची परवानगी मिळालेल्या, परंतु त्या देशाचे नागरिक न झालेल्या व्यक्तीला तेथील कायदा ‘परमनंट रेसिडेंट’ म्हणजे कायम रहिवासी मानतो आणि या दर्जाचा पुरावा म्हणून तिला जे ओळखपत्र मिळते, ते सर्वत्र ‘पीआर कार्ड’ या नावाने परिचित आहे. या कार्डाची मुदत साधारणपणे पाच वर्षांची असते आणि ती उलटली की वास्तव्याचा हक्कही जातो, अशी धास्ती तेथे स्थायिक झालेल्या अनेक कुटुंबांना वाटते. ही धास्ती निराधार आहे. 28 जून 2002 पासून अमलात असलेल्या कायद्यात हा दर्जा कशाने जातो हे नेमके सांगितलेले आहे: नागरिकत्व मिळणे, स्वेच्छेने दर्जा सोडणे, वास्तव्याची अट मोडल्याचा अंतिम निर्णय होणे, देश सोडण्याचा आदेश लागू होणे, ही त्यांतील प्रमुख कारणे, कार्ड कालबाह्य होणे हे त्यांत कोठेही नाही.

त्यामुळे कॅनडाच्या हद्दीत राहणाऱ्या रहिवाशाने कार्डाचे नूतनीकरण केलेच पाहिजे, असे बंधन नाही. नागरिकत्वासाठी अर्ज करतानाही चालू मुदतीचे कार्ड लागत नाही. तेथे मुख्य कसोटी असते ती अर्जापूर्वीच्या पाच वर्षांत प्रत्यक्ष देशात घालवलेल्या किमान 1095 दिवसांची.

देशाबाहेर पाऊल पडले की मात्र चित्र पालटते. परदेशात असलेल्या व्यक्तीजवळ दर्जा सिद्ध करणारा वैध दस्तऐवज नसेल, तर ती कायम रहिवासी नाही असेच कायदा गृहीत धरतो आणि तसे नसल्याचे सिद्ध करण्याचा भार त्या व्यक्तीवर येतो. मुंबईहून टोरांटोला निघालेल्या भारतीय पासपोर्टधारकाचे कार्ड संपलेले असेल, तर विमान कंपनी त्याला विमानात बसू देत नाही. अशा वेळी ‘परमनंट रेसिडेंट ट्रॅव्हल डॉक्युमेंट’ नावाचा, बहुधा एकाच प्रवेशापुरता असणारा परवाना मागावा लागतो आणि तो देताना अधिकारी वास्तव्याचा हिशेब तपासतो.

खरे महत्त्व आहे ते या हिशेबालाच. कोणत्याही पाच वर्षांच्या कालावधीत किमान 730 दिवस कॅनडात राहणे ही अट असून, परदेशात कॅनेडियन नागरिक असलेल्या पती किंवा पत्नीच्या सोबतीने काढलेले दिवसही त्यात धरले जातात. आईवडिलांच्या आजारपणामुळे पुण्याला किंवा कोल्हापूरला दीर्घकाळ राहावे लागलेल्यांचे दिवस येथेच कमी पडतात. त्यांच्यासाठी मानवतेच्या आधारावर सवलत मागण्याची सोय कायद्यात आहे आणि परदेशात परवाना नाकारला गेला, तर 60 दिवसांच्या आत ‘इमिग्रेशन अपील डिव्हिजन’ या न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. परंतु सवलत मिळेलच याची हमी नसते.

नूतनीकरणाच्या अर्जातही हेच दिवस मोजले जातात, ही गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही आणि म्हणून दिवस अपुरे असताना घाईने केलेला अर्ज स्वतःहून चौकशी ओढवून घेतो. जो रहिवासी कॅनडात परतलेला आहे, पण ज्याचे दिवस भरलेले नाहीत, त्याने कार्ड संपले तरी देशातच राहावे आणि मागील पाच वर्षांत 730 दिवस पूर्ण झाल्यावरच अर्ज करावा, हे अधिक शहाणपणाचे ठरते; त्यात पळवाट नाही, कारण तपासणीत मागील पाच वर्षांचाच विचार होतो.

ज्यांचे दिवस पुरेसे आहेत आणि ज्यांना अधूनमधून भारतात यावे लागते, त्यांनी मात्र कार्डाची मुदत संपू देऊ नये. मुदतीचे नऊ महिन्यांपेक्षा कमी उरले की नूतनीकरणाचा अर्ज करता येतो, आणि नवे कार्ड कॅनडाबाहेरच्या पत्त्यावर पाठवले जात नसल्याने हे काम भारताचे तिकीट काढण्यापूर्वीच उरकावे.